पाण्याची साक्ष

जुन्या बाजारात शेर दोन होते. एक वजनाचा आणि एक मापाचा. गूळ, तूप, सुपारी ही तराजूत पडत आणि जोंधळा, बाजरी, भात ही मापाने मोजली जात. दोन कोळवी म्हणजे चिपटे, दोन चिपटी म्हणजे मापटे, दोन मापटी म्हणजे शेर आणि चार शेर म्हणजे पायली, हे कोष्टक आमच्या वडीलधाऱ्या मंडळींना परवच्यासारखे पाठ होते. खळ्यावर मापारी बसे. पहिले माप ओतताना तो 'एक' म्हणत नसे, 'लाभ' म्हणे, आणि मग दोन, तीन असा पुढे जाई. माप शिगेचे असावे की सपाट, धान्य उंचावरून ओतावे की हलकेच सारावे, भरताना मापाला धक्का द्यावा की देऊ नये, ह्यांवरून खळ्यावर शब्दाला शब्द लागे. शहरात राहणाऱ्या आम्हां मंडळींना हे तंटे क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. वास्तविक ते क्षुल्लक मुळीच नव्हते.

गव्हाचा एक दाणा पाण्यात टाकला तर बुडतो, कारण तो आपल्याएवढ्या आकाराच्या पाण्याहून सुमारे १.३ ते १.४ पट जड असतो. पण १०० लिटरच्या पिंपात चांगला, टपोरा गहू भरून तोलला, तर त्याचे वजन १३० किलो भरत नाही. ते ७८ ते ८० किलोंच्या आसपास भरते. मग उरलेल्या जागेत काय होते? हवा होती. पिंपातील सुमारे दोन-पंचमांश जागा दाण्यांच्या फटींतील हवेने व्यापलेली असते. मापाने गहू घेणारा मनुष्य गव्हाबरोबर हवाही मोजून घेत असतो. मापाला धक्का दिला की दाणे बसतात, हवा निघते आणि त्याच पायलीत अधिक गहू मावतो. दाणा सुरकुतलेला असला तर तेच पिंप ७० किलोंच्याही खाली उतरते. ज्याच्या हाती माप, त्याच्या हाती ही हवा. सावकाराने धान्य घेताना माप ठासून भरावे आणि देताना हलक्या हाताने भरावे, ही तक्रार खेड्यापाड्यांतून पिढ्यान् पिढ्या ऐकू येत आली आहे. त्या तक्रारीत पदार्थविज्ञानाचा एक मोठा सिद्धांत दडलेला आहे, हे तक्रार करणाऱ्याला ठाऊक नसेल. पण नुकसान त्याला नक्की ठाऊक होते.

तो सिद्धांत असा की, वस्तूने किती जागा व्यापली आणि तिच्यात द्रव्य किती आहे, ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिलीला आपण घनफळ म्हणतो, दुसरीला वस्तुमान, आणि एका घनफळात किती वस्तुमान कोंबलेले आहे हे सांगणाऱ्या तिसरीला घनता. घनफळ डोळ्यांना दिसते. वस्तुमान हाताला जाणवते. घनता मात्र ना दिसते ना जाणवते. ती पहिल्या दोघींच्या भागाकाराने काढावी लागते. तिघींपैकी कोणत्याही दोन कळल्या की तिसरी आपोआप कळते, एवढे शाळेतील पोरही सांगेल. परंतु दोन आधी कोणत्या धरायच्या आणि तिसरी कोणती काढायची, हे ठरविण्यात माणसाची दोन हजारांहून अधिक वर्षे गेली. त्या इतिहासाची हकीकत आज सांगावी, असा आमचा विचार आहे. तिच्यात पाणी वारंवार साक्षीला येते, म्हणून ह्या लेखाला ते नाव दिले.

आरंभ अर्थातच सिराक्यूजच्या राजमुकुटापासून करावा लागतो. राजा हिएरो ह्याने सोनाराला सोने तोलून दिले, सोनाराने मुकुट तोलून परत केला, वजन जुळले, तरी सोन्यात चांदी मिसळल्याचा संशय आला. मुकुट न मोडता खरेखोटे सांगण्याचे काम आर्किमिडीजकडे आले. तो स्नानाच्या कुंडात उतरला, पाणी सांडले, त्याला युक्ती सुचली आणि तो वस्त्रांचे भान न ठेवता घराकडे धावला. ही गोष्ट आपण सर्वांनी बाळपणी ऐकली आहे. ती आपल्याला सांगितली ती व्हिट्रुव्हियस नावाच्या रोमन वास्तुविशारदाने, आर्किमिडीजच्या मागून सुमारे दोनशे वर्षांनी. आर्किमिडीजने स्वतः तरंगणाऱ्या वस्तूंवर ग्रंथ लिहिला. त्यात मुकुटाचा शब्दही नाही.

व्हिट्रुव्हियसने सांगितलेली रीत अशी की, काठोकाठ भरलेल्या भांड्यात आधी मुकुटाच्या वजनाइतके शुद्ध सोने बुडवावे, मग मुकुट बुडवावा आणि कोणत्या वेळी अधिक पाणी सांडले ते पाहावे. तत्त्व निर्दोष आहे, व्यवहार मात्र कठीण. आम्ही थोडा हिशेब करून पाहिला. मुकुट १ किलो वजनाचा धरू. सोन्याची घनता पाण्याच्या १९.३ पट आणि चांदीची १०.५ पट. शुद्ध सोन्याच्या मुकुटाचे घनफळ सुमारे ५२ घन सेंटीमीटर होईल. सोनाराने ३०० ग्रॅम सोने खिशात घालून तेवढीच चांदी मिसळली, तर ते सुमारे ६५ होईल. म्हणजे इतक्या मोठ्या चोरीनेही फरक पडला तो १३ घन सेंटीमीटरांचा. मुकुट मावेल असे २० सेंटीमीटर व्यासाचे भांडे घेतले, तर पाण्याची पातळी ह्या फरकाने अर्धा मिलिमीटरसुद्धा चढणार नाही. काठाशी पाणी फुगून राहते, बोटाला थेंब चिकटतात, मुकुटाच्या नक्षीत हवेचे बुडबुडे अडकतात. ह्या पुराव्यावर सोनाराला शिक्षा देणारा न्यायाधीश आम्हांला तरी भरवशाचा वाटला नसता.

हीच शंका गॅलिलिओला १५८६ मध्ये आली. तेव्हा तो अवघा २२ वर्षांचा होता. आर्किमिडीजसारख्या बुद्धिमंताने असली ओबडधोबड रीत वापरली असेल हे त्याला पटेना. त्याने एका लहानशा निबंधात दुसरी रीत मांडली. वस्तू तराजूच्या एका बाजूला टांगावी, दुसरीकडे वजन टांगून समतोल साधावा, मग वस्तू पाण्यात सोडून तोलावी आणि मुकुटाची व तेवढ्याच सोन्याची घट ताडून पाहावी. पाण्यात वस्तू जेवढे पाणी बाजूला सारते तेवढ्या पाण्याच्या वजनाइतकी ती हलकी होते, हा आर्किमिडीजचाच सिद्धांत. तेव्हा ज्या १३ घन सेंटीमीटरांसाठी डोळे ताणावे लागत होते, ते येथे १३ ग्रॅमांचा झोक देऊन स्वतःच बोलू लागतात. १३ ग्रॅम म्हणजे तोळ्याहून अधिक. एवढा फरक किराण्याच्या तराजूवरही लपत नाही.

परंतु गॅलिलिओच्या पाचशे वर्षे आधी ह्या विषयात मोठी मजल मारलेला एक पुरुष पूर्वेकडे होऊन गेला, आणि त्याचा आपल्या देशाशी संबंध आहे. ख्वारिज्ममध्ये ९७३ साली जन्मलेला अल्-बीरूनी गझनीच्या महमुदाच्या पदरी होता. हिंदुस्थानावरील त्याच्या ग्रंथामुळे आपण त्याला इतिहासकार म्हणून ओळखतो. ह्याच अल्-बीरूनीने धातूंची व रत्नांची घनता काढण्यासाठी निमुळत्या आकाराचे एक पात्र तयार केले. वरची मान अरुंद, बाजूला बारीक नळी. रत्न आत टाकले की सांडलेले पाणी नळीवाटे थेट तराजूच्या पारड्यात पडे. पाणी किती चढले हे पाहण्याऐवजी त्याने सांडलेले पाणीच तोलले. व्हिट्रुव्हियसच्या रीतीतील वैगुण्य त्याने येणेप्रमाणे दूर केले. त्याचे आकडे आजच्या आकड्यांच्या पुष्कळ जवळ आहेत. पुढे मर्व्ह येथे, सुलतान संजरच्या कारकिर्दीत, अल्-खाजिनीने ११२१ साली तराजूवरच एक मोठा ग्रंथ लिहून हे सर्व ज्ञान एकत्र केले. त्याने वर्णिलेल्या तराजूला पाच पारडी होती. जवाहिऱ्यांच्या पेढीवर खरे माणिक आणि रंगीत काच ओळखायची होती, हा त्या साऱ्या खटाटोपाचा हेतू. विद्येला बाजाराने पोसले, ह्यात आम्हांला काही कमीपणा वाटत नाही.

येथे एक इशारा देऊन ठेवतो. घनता ही एक संख्या आहे, आणि एका संख्येकडून एकाच प्रश्नाचे उत्तर मिळते. दुधात पाणी घातले की दुधाची घनता उतरते, म्हणून दुग्धमापी बुडवून चोरी पकडता येते, असा सर्वसाधारण समज आहे. गाईचे दूध पाण्याहून सुमारे १.०३ पट जड असते. पण साय ही दुधातील हलकी वस्तू. ती आधी काढून घेतली तर उरलेले दूध अधिक जड होते. मग त्यात बेताने पाणी घातले की दुग्धमापी पुन्हा आपल्या खुणेवर येऊन उभा राहतो. दोन चोऱ्या मिळून एक सचोटी तयार होते! टंगस्टन धातूची घनता सोन्याच्या इतकी जवळ आहे की, सोन्याच्या पत्र्याखाली ते लपविले तर आर्किमिडीजही फसावा. हिएरोच्या सोनाराला टंगस्टन ठाऊक नव्हते, हे राजाचे नशीब.

आता वस्तुमान म्हणजे काय, ह्याकडे वळू. १६८७ साली न्यूटनचा 'प्रिन्सिपिया' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याची पहिलीच व्याख्या वस्तुमानाची आहे. द्रव्याचे प्रमाण हे घनता आणि घनफळ ह्या दोहोंपासून मिळून निघते, असा तिचा आशय. ह्यावर अर्न्स्ट माख ह्याने १८८३ साली बोट ठेवले. घनता म्हणजे जर एका घनफळातील वस्तुमान, तर वस्तुमानाची व्याख्या घनतेने करणे म्हणजे देवदत्त कोण, तर यज्ञदत्ताचा बाप, आणि यज्ञदत्त कोण, तर देवदत्ताचा मुलगा, असे सांगण्यासारखे झाले. तर्कदृष्ट्या माखचे म्हणणे बरोबर होते. पण न्यूटनच्या मनात घनता ही मूळचीच कल्पना असावी. पोकळीत कण किती दाटीने बसले आहेत, असे चित्र. कसेही असो, व्याख्या फिरती असली तरी तिच्यावर शंभर वर्षांनी एक अख्खी राष्ट्रीय पद्धती उभी राहिली. ती फ्रान्समध्ये.

फ्रान्समधील धान्याची मापे आपल्या पायलीची सख्खी भावंडे होती. बोआसो नावाचे माप प्रत्येक जहागिरीत निराळे. खंड घेणाऱ्या जहागीरदाराचे माप शीग लावून भरायचे, आणि बाजारात विकताना तेच सपाट. धान्य खांद्याच्या उंचीवरून ओतायचे की कमरेच्या, ह्यावरून तेथेही भांडणे होत. १७८९ साली राजाने प्रजेकडून गाऱ्हाणी लेखी मागविली, तेव्हा गावोगावच्या याद्यांतून करांच्या जोडीने एक मागणी पुनःपुन्हा आली. साऱ्या राज्यात वजन एक असावे, माप एक असावे. तत्त्वज्ञांनी दशमान पद्धती लोकांवर लादली असे काही जण लिहितात. पद्धतीची दशमान घडण तत्त्वज्ञांची होती हे खरे, पण एका मापासाठीचा टाहो शेतकऱ्यांचा होता.

विद्वानांनी ठरविले की, नवे माप कोणत्याही राजाच्या हाताचे वा पायाचे नसावे, ते निसर्गातून यावे. पृथ्वीच्या ध्रुवापासून विषुववृत्तापर्यंतच्या अंतराचा एक-कोट्यंश म्हणजे मीटर. लांबी मिळाली की घनफळ मिळाले. मीटरच्या दशांशाचा घन म्हणजे लिटर. आता ह्या घनफळावरून वस्तुमान कसे काढायचे? न्यूटनच्या व्याख्येप्रमाणे मध्ये एक घनता हवी. सर्वत्र सापडणारी, शुद्ध करता येणारी, गरिबालाही परवडणारी अशी वस्तू एकच. पाणी. ७ एप्रिल १७९५ च्या कायद्याने ग्रॅमची व्याख्या झाली: मीटरच्या शतांशाच्या घनाएवढ्या शुद्ध पाण्याचे, वितळत्या बर्फाच्या उष्णतामानाचे, निरपेक्ष वजन. हजार ग्रॅमांचा किलोग्रॅम. मौजेची गोष्ट अशी की, १७९३ मध्ये आजच्या किलोग्रॅमला 'ग्राव्ह' असे सुटसुटीत नाव दिलेले होते. ते दोन वर्षांत गेले आणि मूळ परिमाणालाच 'किलो' हा उपसर्ग कायमचा चिकटला.

त्या व्याख्येतील 'निरपेक्ष' ह्या शब्दाकडे श्रोत्यांनी लक्ष द्यावे. मुलांना आपण कोडे घालतो, किलोभर कापूस जड की किलोभर लोखंड? मूल फसून लोखंड म्हणते आणि आपण हसतो. पण हवाही एक पातळ पाणीच आहे, आणि तिच्यातही वस्तू थोडी हलकी होते. कापसाचे तंतू लोखंडाहून अधिक जागा व्यापतात, म्हणून हवा त्यांना अधिक उचलते. तराजू समतोल असताना कापसात द्रव्य किंचित अधिक असते. किलोमागे अर्ध्या ग्रॅमहून थोडे जास्त. कोडे घालणाराही चुकलेलाच! पाण्याच्या बाबतीत ही चूक लिटरमागे सुमारे एक ग्रॅमची होते, म्हणून कायद्याने हवेचा हिशेब वजा करून मिळणारे वजन मागितले.

पाणी तोलण्याचे पहिले काम लाव्हाझिए आणि आय्यूई ह्या दोघांनी १७९२-९३ च्या हिवाळ्यात केले. लाव्हाझिए हा आधुनिक रसायनशास्त्राचा जनक. त्याचे सारे रसायनशास्त्रच तराजूवर उभे होते. पण तो जुन्या राजवटीत करवसुलीच्या मक्त्याचा भागीदार होता. नोव्हेंबर १७९३ मध्ये त्याला अटक झाली, डिसेंबरात वजनमापांच्या मंडळातून त्याचे नाव काढून टाकले आणि ८ मे १७९४ रोजी त्याचा शिरच्छेद झाला. प्रजेला खरे माप मिळावे म्हणून पाणी तोलणारा मनुष्य प्रजेच्याच नावाने मारला गेला. ह्या कथेत जी काही कडू गोष्ट आहे, ती ही.

काम थांबले नाही. १७९९ साली लफेव्र-जिनो हा फ्रेंच आणि फ्लोरेन्सहून आलेला फाब्रोनी ह्या दोघांनी ते पुरे केले. घनाकार भांडे करून त्यात पाणी भरण्याच्या भानगडीत ते पडले नाहीत, कारण भांड्याची आतील बाजू अचूक मोजणे फार कठीण. त्यांनी पितळेची एक पोकळ वृत्तचिती घडविली. तिचे व्यास व उंची बाहेरून, ठिकठिकाणी, पुन्हापुन्हा मोजून घनफळ काढले. मग ती हवेत तोलली आणि पाण्यात बुडवून तोलली. दोन वजनांतील फरक म्हणजे तिने बाजूला सारलेल्या पाण्याचे वजन. म्हणजे सिराक्यूजच्या मुकुटाचीच परीक्षा, पण उलटी. आर्किमिडीजला पाण्यावरून धातू पारखायचा होता. ह्यांना धातूवरून पाणी पारखायचे होते.

त्यांनी आणखी एक शहाणपणाचा बदल केला. कायद्यात वितळत्या बर्फाचे उष्णतामान होते. पाणी मोठे विचित्र. ते गोठणबिंदूला सर्वांत दाट नसते, त्याच्या वर ४ अंशांवर असते. तेथे घनतेचा चढ संपून उतार सुरू होतो, आणि डोंगरमाथ्यावर जसे दोन पावले इकडेतिकडे झाल्याने उंची फारशी बदलत नाही, तसे तेथे उष्णतामापकाची थोडी चूक खपून जाते. म्हणून त्यांनी ४ अंश धरले. आमच्याकडच्या उन्हाळ्यात, ३० अंशांवर, तेच लिटरभर पाणी ४ ग्रॅमहून अधिक हलके भरते. अखेर जुन्या फ्रेंच वजनांत किलोग्रॅम १८,८२७.१५ ग्रेन ठरला. त्या वजनाचा प्लॅटिनमचा ठोकळा करून २२ जून १७९९ रोजी तो प्रजासत्ताकाच्या दप्तरखान्यात ठेवला गेला.

लोकांनी हे सर्व डोक्यावर घेतले असे नाही. १८१२ मध्ये नेपोलियनच्या सरकारने जुन्या नावांची मापे व्यवहारात पुन्हा चालू दिली आणि नवी पद्धती सक्तीची झाली ती १ जानेवारी १८४० पासून. असो.

१८७५ मध्ये पॅरिस येथे मीटरचा आंतरराष्ट्रीय करार झाला. नवे, प्लॅटिनम-इरिडियमचे किलोग्रॅम घडवायचे ठरले. त्या वेळी प्रश्न आला की, पाणी पुन्हा मोजायचे की दप्तरखान्यातील ठोकळ्याची नक्कल करायची? नक्कल करायची, असे ठरले, आणि आमच्या मते ते योग्यच होते. तराजू आता इतके सूक्ष्म झाले होते की, धातूला धातू ताडून पाहणे हे पाण्याचे घनफळ मोजण्याहून कितीतरी पटींनी अचूक होते. १८८९ मध्ये सेव्र येथील तो लहानसा दंडगोल, उंची व व्यास दोन्ही ३९ मिलिमीटर, जगाचा किलोग्रॅम झाला. येथे सारा संबंध उलटला. आजवर घनफळ आधी आणि वस्तुमान त्यावरून. आता वस्तुमान आधी. १९०१ मध्ये लिटरची व्याख्याही फिरविली: सर्वाधिक घनतेच्या १ किलोग्रॅम शुद्ध पाण्याने व्यापलेली जागा म्हणजे लिटर.

आणि मग चूक सापडली. गियोम, शाप्युई आदी संशोधकांनी सेव्र येथे पाण्याची घनता नव्याने, प्रकाशलहरींच्या साह्यानेही मोजली. १७९९ चा ठोकळा थोडासा जड होता. लिटर आणि घन डेसिमीटर एक नव्हते. लिटर १.००००२८ घन डेसिमीटर भरला. दहा लक्षांत अठ्ठावीस! थेंबाच्या अर्ध्याइतका हा फरक. पहिल्या दोघांच्या हातून तो कसा राहिला असावा? वीतभर उंचीच्या चितीची सर्व मापे घेताना मिलिमीटरच्या दोन-सहस्रांशांची चूक झाली, तरी घनफळात एवढा फरक पडतो. १७९९ सालच्या हत्यारांनी ते इतके जवळ पोहोचले ह्याचेच आम्हांला नवल वाटते. पण त्यामुळे प्रयोगशाळांत मोठा घोळ झाला. मिलिलिटर निराळा, घन सेंटीमीटर निराळा, आणि काचेच्या नळीवर कोणता कोरला आहे हे पाहिल्याखेरीज सूक्ष्म काम करता येईना. अखेर १९६४ मध्ये १९०१ ची व्याख्या रद्द झाली आणि लिटर पुन्हा मुकाट्याने घन डेसिमीटर झाला. पाण्याची साक्ष काढून घेण्यात आली. आजच्या मोजणीप्रमाणे ४ अंशांवरील लिटरभर पाणी किलोला सुमारे २५ मिलिग्रॅम कमी भरते.

ह्याच सुमारास आपल्याकडे स्थित्यंतर चालले होते. भारत १९५७ मध्ये मीटरच्या करारात सामील झाला. १९५६ चा वजनमापांचा कायदा आला आणि १ ऑक्टोबर १९५८ पासून मेट्रिक वजने टप्प्याटप्प्याने बाजारात आली. तोवरची स्थिती काय होती? बंगाली मण ८२ पौंडांहून थोडा अधिक, तर मुंबईचा मण २८ पौंडांचा. नाव एक आणि माल जवळजवळ तिप्पट! ८० तोळ्यांचा शेर ९३३ ग्रॅमांचा. त्याचा पावशेर २३३ ग्रॅमांचा. पाव किलो म्हणजे त्याहून १७ ग्रॅम जास्त. जुन्या सवयीने पावशेर मागून पाव किलो घरी आणणाऱ्या गृहिणीला भाव वाढला की माल वाढला, हे कळायला काही दिवस लागले असतील. पण आमच्या मते शेराचा किलो झाला ही त्या बदलातील मोठी गोष्ट नव्हे. ठोक बाजारातील धान्य मापातून निघून काट्यावर गेले, ही मोठी गोष्ट होय. काट्यावर हवा मोजली जात नाही. चिरमुरेवाल्याने तेवढे माप अजून सोडलेले नाही, आणि त्याच्या मापात हवा किती असते हे आपण सर्व जाणून आहोत. दाणा टपोरा की पोचट हे पाहण्यासाठी मात्र गिरणीवाले आजही १०० लिटर गव्हाचे वजन किती भरेल हे काढतात. पूर्वी जी घनता फसवणुकीची जागा होती, ती आता मालाची परीक्षा झाली.

सेव्रच्या दंडगोलाचे पुढे काय झाले, तेही सांगितले पाहिजे. त्याच्या अधिकृत नकला देशोदेशी गेल्या. ५७ क्रमांकाची नक्कल नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत आहे. शंभर वर्षांनी मूळ दंडगोल आणि नकला ताडून पाहिल्या, तेव्हा त्यांच्यांत सुमारे ५० मायक्रोग्रॅमांचा फरक पडलेला दिसला. नकला वाढल्या की मूळ घटला, हे सांगायला साक्षीदार कोणीच नव्हता, कारण मूळ दंडगोल व्याख्येनेच किलोग्रॅम होता. म्हणून निसर्गाकडे पुन्हा वळावे लागले. एक मार्ग विजेच्या तराजूचा होता. दुसरा मार्ग आमच्या विषयाच्या दृष्टीने फारच मनोवेधक आहे. सिलिकॉन-२८ ह्या जवळजवळ निर्भेळ समस्थानिकाचा एक किलोचा गोल घासून तयार करण्यात आला; व्यास सुमारे ९३.७ मिलिमीटर. प्रकाशलहरींनी त्याचे घनफळ मोजले. क्षकिरणांनी त्याच्या स्फटिकातील अणूंमधील अंतर मोजले. एका अणूच्या वाट्याला किती जागा येते हे कळले की भागाकाराने अणूंची संख्या कळते, आणि ती २१५ वर तेवीस शून्यांइतकी आहे. वस्तू किती जागा व्यापते आणि त्या जागेत कण किती दाटीने बसले आहेत, ह्यावरून द्रव्याचे प्रमाण काढायचे. न्यूटनच्या पहिल्या व्याख्येत ज्या 'घनते'वर माखने बोट ठेवले होते, ती येथे शब्दशः मोजली गेली, आणि ती मोजताना वस्तुमानाचा आधार घ्यावा लागला नाही.

दोन्ही मार्गांची उत्तरे जुळल्यावर १६ नोव्हेंबर २०१८ रोजी व्हर्साय येथे ठराव झाला आणि २० मे २०१९ पासून किलोग्रॅमची व्याख्या प्लांकच्या स्थिरांकावर बसविण्यात आली. सेव्रच्या तिजोरीतील दंडगोल अजून तेथेच आहे. इतर कोणत्याही वजनाप्रमाणे आता त्याचेही वजन करावे लागते.